कायमराव खाली उतरतात

संस्थेत त्यांना कायमराव म्हणत, कारण ते कायम नव्हते. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. ठेवणारा बहुधा स्वतःही तात्पुरता होता आणि एव्हाना दुसरीकडे गेला होता.

पीएचडी संपल्यानंतर आणि नोकरी लागण्याआधी माणसाची जी अवस्था असते तिला पोस्टडॉक म्हणतात. ती दोन वर्षांची असते. मग तिला एका वर्षाची मुदतवाढ मिळते. मग माणूस सामान बांधून दुसऱ्या गावी जातो आणि तिथे ती पुन्हा दोन वर्षांची होते. कायमरावांची ही अवस्था अकरा वर्षं टिकली होती. सुरुवातीला त्यांचे सासरे लोकांना सांगत, "जावयांचं शिक्षण चालू आहे." जावयांच्या कानाशी केस पांढरे दिसायला लागल्यावर ते "संशोधन चालू आहे" असं सांगायला लागले. अकरा वर्षांत कायमरावांना मिळालेली ती एकमेव बढती.

कायमराव मेंदूचं गणित करत. उंदीर पळताना त्याच्या डोक्यातल्या पेशी कोणत्या क्रमाने जाग्या होतात, तो वाट बघत असताना त्या काय करतात, बक्षीस मिळणार हे त्यांना आधीच कळतं का, यावर त्यांनी समीकरणं मांडली होती आणि लोक ती वाचत असत. म्हणजे तशीच समीकरणं मांडणारे दुसरे साठ-सत्तर लोक वाचत असत. मेंदू मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता. तशी गरजच पडत नसे. प्रयोगशाळेचे दोन मजले होते. वरच्या मजल्यावर पांढरे फळे, कॉम्प्युटर आणि मऊ खुर्च्या. खालच्या मजल्यावर उंदीर, तारा आणि फिनेलचा वास. खालून आकडे वर येत, वरून शंका खाली जात. आकडे फायलींतून येत आणि शंका ईमेलने जात, त्यामुळे मधला जिना चांगल्या स्थितीत राहिला होता.

कायमरावांच्या प्रत्येक लेखात तिसऱ्या पानावर एक वाक्य असे: "प्रयोगकर्त्याचा परिणाम नगण्य मानला आहे." पहिल्या लेखाच्या वेळी त्यांनी ते कुठूनतरी उचललं होतं, आणि घर बदलताना जुनं पायपुसणं जसं न विचारता सामानात येतं तसं ते वाक्य पुढच्या प्रत्येक लेखात आलं.

अकराव्या वर्षी मोठ्या सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, जाहिरात काढली. संगणकीय आणि प्रायोगिक मेंदूविज्ञान, संशोधकाचं एक पद, मुदत पाच वर्षं. वरच्यांना खालचं कळत नाही आणि खालच्यांना वरचं, हे सरांच्या वीस वर्षांनी लक्षात आलं होतं, आणि दोन्ही येणारा एक माणूस शोधायचा असं त्यांनी ठरवलं होतं. अटी दोनच होत्या. मुलाखतीच्या दिवशी वय चाळिशीच्या आत हवं. आणि उमेदवाराने किमान एक प्रयोग, प्राणी हाताळण्यापासून नोंदी घेण्यापर्यंत, स्वतःच्या हाताने केलेला हवा. मुलाखत चार महिन्यांनी होती, गुरुवारी. त्यानंतरच्या मंगळवारी कायमराव चाळीस वर्षांचे होणार होते.

कायमरावांनी ती जाहिरात घरी बसून बऱ्याच वेळा वाचली. घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या बायकोचा दवाखाना होता. ती दातांची डॉक्टर. शेवटचा पेशंट गेल्यावर ती अवजारं धूत होती आणि कायमराव पेशंटच्या खुर्चीत बसून फोनकडे बघत होते.

"किती वेळा वाचणार आहेस?"

"अटी बघतोय."

"आण इकडे." तिने ओल्या हाताने फोन न धरता नुसती मान वाकवून वाचलं. "उंदीर धरता यायला हवा. एवढंच तर लिहिलंय."

"एवढंच नाहीये गं ते."

"अरे, माझ्याकडे रोज दहा-बारा मोठी माणसं येतात, तोंड उघडायलाच येतात, आणि एकही धड उघडत नाही. तुला एक उंदीर सांभाळायचाय."

"हसतेयस मला."

"हसत नाहीये, पाठवतेय."

मग तिने नळ बंद केला आणि उद्या भाजी कोणती करायची हे विचारावं त्या सुरात सांगितलं, "आणि हे बघ. ही खुर्ची मी तीन गावांत लावली आणि दोनदा खोलली. इथे आल्यावर तर जमिनीला बोल्टसुद्धा मारले नाहीत, म्हटलं पुन्हा खोलायची आहेच. पेशंट कूस बदलतात तेव्हा डुगडुगते. परवा एक आजोबा म्हणाले, डॉक्टर, दाढ राहू दे, आधी खुर्ची बसवा. तर चौथ्या गावाला मी येणार नाही. तुला जायचं तर जा. आम्ही दोघी आणि खुर्ची इथेच."

दुसरी व्यक्ती म्हणजे त्यांची मुलगी. ती तिसऱ्या शाळेत दुसरीला होती आणि नव्या वर्गात आपली ओळख करून देण्यात चांगलीच तरबेज झाली होती.

कायमरावांकडे चौथं गाव तयार होतं. समुद्रापलीकडचं, दोन वर्षांचं. त्यांनी त्याला अजून होकार कळवलेला नव्हता आणि नकारही.

दुसऱ्या दिवशी कायमराव जिना उतरले.

खालच्या मजल्यावर प्राण्यांची निगा राखणाऱ्या मावशी होत्या. बावीस वर्षं तिथे होत्या. पूर्ण प्रयोगशाळेत कायम नोकरी असलेली माणसं दोनच, मोठे सर आणि मावशी, आणि त्यांपैकी सर मावशींना घाबरत. सगळ्या संशोधकांना त्या सरसकट "डॉक्टर" म्हणत, म्हणजे नाव लक्षात ठेवावं लागत नसे. दोन वर्षांनी माणूस बदलतो तर नाव कशाला शिकायचं, असा त्यांचा हिशेब होता.

"वरचे ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो. मला प्रयोग करायचाय. स्वतः."

"का? काय झालं?"

कायमरावांनी जाहिरातीबद्दल सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, नवा पिंजरा आल्यावर बघत तसं. "सेंट लावता?"

"थोडं."

"उद्यापासून नाही लावायचं. कोट एकच घालायचा, रोज तोच. आणि आवाज खाली. तुम्ही वरचे लोक फार मोठ्याने विचार करता."

परवानग्यांचे कागद झाले, जनावरांच्या डॉक्टरांचं प्रशिक्षण शिबिर झालं, आणि कायमरावांना सतरा नंबरचा पिंजरा मिळाला. त्यात पांढऱ्या अंगाचा, काळ्या डोक्याचा एक उंदीर होता. मावशींच्या पद्धतीप्रमाणे पहिले दहा दिवस प्रयोग वगैरे काही नाही. रोज पंधरा मिनिटं मांडीवर टॉवेल पसरायचा, त्यावर उंदीर ठेवायचा आणि बसायचं. उंदराला माणसाची सवय व्हायला हवी. अकरा वर्षं कायमरावांनी वापरलेल्या प्रत्येक आकड्यामागे अशी कुणाची तरी पंधरा-पंधरा मिनिटं होती, हे त्यांना नव्याने कळत होतं.

पहिल्या दिवशी त्यांची पाचावर धारण बसली होती. हात हवेत, कोपर अंगाला चिकटलेले.

"अहो डॉक्टर, उंदीर आहे तो, परीक्षक नाही," मावशी म्हणाल्या. "श्वास घ्या. तुम्ही श्वास घेत नाही म्हणून तोही घेत नाहीये."

कायमरावांनी श्वास घेतला. सतरा नंबरने त्यांच्या बाहीत डोकं घातलं, थोडा विचार केला आणि तिथेच मुतला.

"झाली ओळख," मावशी म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मावशींनी त्यांना खालच्या मजल्याचा नियम सांगितला. एका उंदराला एकच हात. ज्याने पहिल्या दिवशी मांडीवर घेतला त्यानेच शेवटच्या दिवशी घ्यायचा. अनोळखी हाताला तो घाबरतो, आणि त्या दिवशी तरी त्याने घाबरू नये.

"शेवटच्या दिवशी म्हणजे?" कायमरावांनी विचारलं.

मावशी थांबल्या. "तारा डोक्यात बरोबर जागी बसल्या होत्या का, ते शेवटी डोकं उघडूनच बघतात ना? तुमच्या फायलीत लिहिलेलं नसतं होय?"

लिहिलेलं असे. "जागा तपासली" असा एक रकाना असे आणि त्यात बरोबरची खूण. कायमरावांनी अकरा वर्षांत अशा चारशेहून जास्त खुणा पाहिल्या होत्या, आणि सगळ्या बरोबर आहेत हे बघून त्यांना बरं वाटत असे.

त्या दिवशी ते पंधरा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं बसले. मावशींनी घड्याळाकडे पाहिलं आणि शेजारचा पिंजरा पुसायला घेतला.

जनावरांच्या डॉक्टरांना शेजारी उभं करून कायमरावांनी सतरा नंबरला भूल दिली आणि केसाहून बारीक तारा त्याच्या डोक्यात बसवल्या. साडेचार तास लागले. आठवड्याने सतरा नंबर डोक्यावर टोपणाएवढा सॉकेट घेऊन पूर्वीसारखा हिंडायला लागला. कायमरावांना सावरायला त्याच्यापेक्षा दोन दिवस जास्त लागले.

प्रयोग साधा होता. बारा फूट लांब पट्टी, दोन्ही कडांना बोटभर उंच काठ. उंदराने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं. तिथे एक नळी. नळीतून गोड दुधाचा एक थेंब पडणार, पण लगेच नाही. कधी चार सेकंदांनी, कधी चौदा, कधी नऊ. या वेळांमध्ये कायमरावांनी एक क्रम लपवला होता. त्यांच्या मॉडेलचं म्हणणं असं होतं की साधारण चारशे फेऱ्यांनंतर उंदराच्या मेंदूला तो क्रम कळेल, आणि मग दूध पडायच्या दोन सेकंद आधीच ठरावीक पेशी जाग्या होतील. पेशींचा आवाज स्पीकरवर येत असे, तेलात मोहरी तडतडावी तसा. कायमराव कोपऱ्यात एका लाकडी स्टुलावर बसत. समोर स्क्रीन, त्यावर उलटी मोजणी. ती फक्त त्यांना दिसे.

रोज साठ फेऱ्या होत. शंभर झाल्या, दोनशे झाल्या, तीनशे झाल्या. दूध पडलं की तडतड होई. आधी काही नाही. कायमराव निश्चिंत होते, कारण मॉडेलप्रमाणे इतक्यात काही होणारच नव्हतं. आणि तीनशे सत्तराच्या आसपास, दूध पडायच्या दोन सेकंद आधी, स्पीकर हळूच तडतडला. चारशेपर्यंत तो प्रत्येक फेरीला तडतडायला लागला. पाचशे फेऱ्यांनंतर कायमरावांनी वर जाऊन ग्राफ काढला. मॉडेलची रेघ निळी, सतरा नंबरची लाल. लाल रेघ निळ्या रेघेवर अशी बसली होती की निळी शोधावी लागत होती.

मोठे सर स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले. हे तीन वर्षांत पहिल्यांदा घडत होतं. "सुरेख," ते म्हणाले. "फारच सुरेख. हे मुलाखतीत पहिलं दाखवा." आणि जाता जाता म्हणाले, "दुसरं काही दाखवायची गरज पडू नये."

घरी मुलीने विचारलं, "बाबा, आता आपण इथेच राहणार?"

"बहुतेक," कायमराव म्हणाले. मुलगी जाऊन ही बातमी खुर्चीला सांगून आली.

मुलाखत गुरुवारी होती. त्याआधीच्या रविवारी कायमराव आणखी साठ फेऱ्या घ्यायला गेले. त्यांची काही गरज नव्हती. लाल रेघ आणखी थोडी गुळगुळीत होईल, एवढंच. अकरा वाजता मावशी पाण्याच्या बाटल्या बदलायला आल्या आणि दारातच थांबल्या. चार-पाच फेऱ्या बघितल्यावर त्या म्हणाल्या, "चांगलाच ओळखायला लागला हो तुम्हाला."

"कोण?"

"सतरा. तुम्ही पुढे झालात की लगेच कान टवकारतो."

"मी कुठे पुढे होतो?"

"होता की. त्या टीव्हीत बघायला. दूध पडायच्या वेळेला. स्टूल करकरतं ना तेव्हा. ते ऐकतो तो आणि नळीला नाक लावतो."

कायमरावांना स्टुलाची करकर कधी ऐकू आलेली नव्हती. त्यांनी जपून पुढे झुकून पाहिलं. फार बारीक आवाज होता, दार लोटल्यावर बिजागरीचा होतो तसा. पट्टीवर सतरा नंबरने मान वळवली. स्पीकर तडतडला.

"पहिल्यापासून करतोय मी असं?" त्यांनी विचारलं.

"छे. पहिले पाच-सहा दिवस तर मागे रेलून जांभया देत होतात. मग झुकायला लागलात."

कायमराव स्टुलावर बसून राहिले. पाच-सहा दिवस म्हणजे साडेतीनशे फेऱ्या. तोवर मॉडेलप्रमाणे काही होणार नव्हतं, म्हणून ते मागे रेलून बसले होते. चारशे जवळ आल्या, आता व्हायला हवं, म्हणून ते बघायला पुढे झुकले. आणि झालं. सतरा नंबरने लपलेला क्रम शोधला नव्हता. त्याने कायमरावांना शोधलं होतं, आणि कायमराव त्यांच्या मॉडेलप्रमाणे वागत होते.

"मावशी," ते म्हणाले, "तुम्ही या स्टुलावर बसाल?"

"मी? काय करायचं?"

"काहीच नाही. स्क्रीन बंद ठेवतो. नुसतं बसायचं."

"एवढंच? बावीस वर्षांत हे काम कुणी दिलं नव्हतं मला." मावशींनी बाटल्या खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि त्या बसल्या. दीड तास त्या मांडीवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. सतरा नंबर साठ वेळा आला आणि साठ वेळा नळीपाशी थांबला. दूध पडलं की स्पीकर तडतडे. दोन सेकंद आधी तो गप्प असे. लाल रेघ जमिनीवर आडवी झाली.

मग कायमराव पुन्हा स्टुलावर बसले आणि मुद्दाम चुकीच्या वेळी झुकले. करकर झाली, तडतड झाली, सतरा नंबरने लगेच नळीला नाक लावलं. दूध नव्हतं. त्याने वळून कायमरावांकडे पाहिलं. हे कुठल्याही रकान्यात नोंदवता येत नाही.

"रागावला," मावशी म्हणाल्या.

दुपारी घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. रविवार असल्यामुळे दवाखाना बंद होता. ती खुर्चीच्या तळाशी बसून पायाने दाबायच्या पट्टीतली धूळ ब्रशने काढत होती.

"म्हणजे ग्राफ खोटा आहे?"

"ग्राफ खरा आहे. त्याचा अर्थ खोटा आहे. तो उंदराचा ग्राफ नाही, माझा आहे."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, मावशींना आणि सतरा नंबरला."

"सतरा नंबर काही बोलणार नाही."

"मावशीही कुणी विचारल्याशिवाय बोलत नाहीत. आणि मुलाखतीला त्यांना कोण विचारणार?"

बायकोने ब्रश बाजूला ठेवला. "नवीन प्रयोग होईल चार दिवसांत?"

"नाही. नव्या उंदराला दोन महिने लागतील. आणि मंगळवारनंतर मी वयाच्या अटीतच बसणार नाही."

तिने हातांवरची धूळ झटकली. मग म्हणाली, "कॉलेजात असताना एका मुलाने दुखरी दाढ सोडून शेजारची काढली होती. पेशंट हसत हसत घरी गेला. भूल उतरेपर्यंत सगळे खूश होते."

"हे तू मला कशासाठी सांगतेयस?"

"कशासाठी म्हणजे? आठवलं म्हणून." तिने पुन्हा ब्रश उचलला. "तुला काय करायचं ते तू कर. मी काही सांगणार नाही, मला नंतर ऐकून घ्यायचं नाहीये. फक्त जे काही असेल ते वेळेवर सांग. खुर्ची राहणार असेल तर बोल्ट मारणाऱ्याला बोलवायचंय, आणि तू एकटा जाणार असशील तर तुझी मोठी बॅग माळ्यावरून काढायची आहे. दोन्ही कामांना माणूस लागतो."

गुरुवारी मुलाखतीला पाच उमेदवार होते. कायमराव शेवटचे. बाहेरच्या बाकावर बाकीचे चौघे आपापले ग्राफ बघत होते, आणि ते चांगलेच असावेत, कारण चौघेही शांत होते. आत लांब टेबलापलीकडे मोठे सर होते, कार्यालयाचे एक अधिकारी होते आणि बाहेरून बोलावलेल्या एक ज्येष्ठ तज्ज्ञ बाई होत्या. त्या चौघांच्या वेळेपासून एकाच पेन्सिलीला सारखं टोक करत होत्या.

अधिकाऱ्यांनी जन्मतारीख तपासली. "अजून पाच दिवस आहेत," ते म्हणाले. सूर अभिनंदनाचा होता की ताकीद देण्याचा, ते कळलं नाही.

कायमरावांनी पहिला ग्राफ लावला. निळी रेघ, तिच्यावर लाल रेघ. मोठ्या सरांनी इतरांकडे पाहिलं, घरच्या मुलाने पाहुण्यांसमोर गाणं म्हटल्यावर वडील बघतात तसं.

"हा प्रयोग तुम्ही स्वतंत्रपणे केलात?" अधिकाऱ्यांनी अटींचा कागद बघत विचारलं.

"हो."

"पूर्णपणे स्वतःच्या हाताने?"

"इतका, की त्यात मीच आलोय," कायमराव म्हणाले आणि त्यांनी दुसरा ग्राफ लावला. निळी रेघ वर चढत होती. लाल रेघ खाली आडवी पडली होती.

मोठे सर खुर्चीत मागे टेकले.

"हा कशाचा?" तज्ज्ञ बाईंनी विचारलं.

"उंदीर तोच, पट्टी तीच, क्रम तोच. फक्त स्टुलावर मावशी बसल्या होत्या."

"मावशी कोण?"

"प्राण्यांची निगा राखतात त्या."

"त्यांची पात्रता?" अधिकाऱ्यांनी पेन उघडलं.

"दूध कधी पडणार ते त्यांना माहीत नव्हतं," कायमराव म्हणाले. "आणि पडलं काय, नाही पडलं काय, त्यांना काही फरक पडत नव्हता. या प्रयोगासाठी त्याहून मोठी पात्रता मला सापडली नाही. माझ्यात ती नव्हती." मग त्यांनी स्टुलाचं सांगितलं, जांभयांचं सांगितलं, चारशे जवळ आल्यावर आपण कसे झुकायला लागलो ते सांगितलं. ततपप झाली नाही. मोठ्या सरांकडे बघणं त्यांनी टाळलं, त्यामुळे ते सोपं गेलं.

तज्ज्ञ बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तुमचे आधीचे लेख मी वाचलेत. तिसऱ्या पानावर एक वाक्य असतं."

"प्रयोगकर्त्याचा परिणाम नगण्य मानला आहे."

"तेच. त्याचं आता काय?"

"तो नगण्य नाही. बहात्तर किलो आहे."

कुणी हसलं नाही. अधिकाऱ्यांनी बहुधा वजन लिहून घेतलं.

"ते स्टूल कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"खालीच आहे."

"तेल घातलंत त्याला?"

"नाही."

"घालू नका," बाई म्हणाल्या. "तारांची जागा तपासली?"

"अजून नाही. सतरा नंबर खाली आहे. सकाळीच दूध प्यायलाय."

मुलाखत संपली. बाहेर बाकावर आता कुणीच नव्हतं. कायमराव खाली जाऊन पंधरा मिनिटं टॉवेल घेऊन बसले.

मंगळवारी ते चाळीस वर्षांचे झाले. निकाल आला नव्हता. सासऱ्यांचा फोन आला. त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि बाकी काही विचारलं नाही, यात सगळं आलं. समुद्रापलीकडच्या गावाने शुक्रवारपर्यंत कळवा म्हणून सांगितलं होतं. बायकोने माणसाला बोलावलं नव्हतं, ना बोल्टसाठी, ना बॅगेसाठी.

गुरुवारी सरांनी त्यांना बोलावलं. सर खिडकीकडे बघत होते. "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाला होतात, दुसरं काही दाखवायची गरज पडू नये."

"हो. म्हणालो होतो." सर खिडकीपासून वळले. "मी दुसऱ्या उमेदवाराच्या बाजूने होतो, हेही तुम्हाला माहीत असलेलं बरं. पण बाई ऐकेनात. 'चौघांचंही सगळं जुळतंय, आणि मला सगळं जुळलेल्यांची भीती वाटते,' म्हणाल्या. शिवाय त्या म्हणाल्या की त्यांची स्वतःची सहा वर्षं एका पंख्याच्या आवाजाला पेशींचा आवाज समजण्यात गेली होती, आणि ते त्यांना सांगायला कुणी मावशी नव्हत्या." त्यांनी पत्र पुढे सरकवलं. "पाच वर्षं. पहिलं वर्ष परिवीक्षाधीन."

म्हणजे कायम नव्हतंच. टोपणनावाला काही धोका नव्हता.

नव्या पदावरचा पहिला दिवस सोमवारचा होता. सकाळी कायमराव जिना उतरले. सेंट लावलेलं नव्हतं, कोट तोच होता. मावशींनी टॉवेल आधीच काढून ठेवला होता आणि जनावरांचे डॉक्टर दाराशी उभे होते. कायमरावांनी सतरा नंबरला मांडीवर घेतलं. त्याने नेहमीप्रमाणे बाहीत डोकं घातलं. पंधरा मिनिटं झाली. मग डॉक्टरांनी त्याला सुई टोचली आणि कायमरावांनी हात हलू दिला नाही. थोड्या वेळाने बाहीतलं डोकं जड झालं.

"घाबरला नाही," मावशी म्हणाल्या.

दुपारपर्यंत तारांची जागा बघून झाली. तारा बरोबर होत्या. "जागा तपासली" या रकान्यात कायमरावांनी स्वतःच्या हाताने खूण केली. मग त्यांनी फाइल बंद केली, पुन्हा उघडली आणि खूण आहे ना ते पाहिलं. दरवाजातून मावशींनी विचारलं, "डॉक्टर, नाव काय तुमचं? पाच वर्षं आहात म्हणे, आता शिकायला पाहिजे."

त्यांनी नाव सांगितलं. मावशींनी ते एकदा मनाशी म्हणून पाहिलं आणि बाटल्या घेऊन गेल्या.

घरी पुढच्या खोलीत ड्रिलचा आवाज चालू होता. बोल्टवाला माणूस खुर्चीच्या तळाशी आडवा पडला होता आणि मुलगी त्याला एकेक बोल्ट मोजून देत होती. चौथा बोल्ट बसल्यावर तो उठला, खुर्चीला खांद्याने दोन धक्के दिले आणि म्हणाला, "आता घर हलेल, पण ही नाही." मग सामान आवरून गेला.

"हात धुतलेस?" बायकोने विचारलं.

"तीनदा."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बस जरा. वजन टाकून बघू दे."

कायमराव खुर्चीत बसले. थोडे मागे रेलले, आणि मग सवयीने पुढे झुकले. झुकल्यावर ते तसेच थांबले, कान देऊन. खुर्ची वाजली नाही.

"बसलाच आहेस," बायको दिवा ओढून घेत म्हणाली, "तर आ कर."